खिचडीच्या रांगेत गरीब कोण ते कळत नाही, आणि तेच बरंय

माझा मावसभाऊ टेक्सासला असतोय. दिवाळीत आला होता तेव्हा फराळाला बसल्यावर म्हणाला की त्याची पोरगी ज्या शाळेत जाते तिथं निम्म्याहून जास्त पोरं फ्री लंचवाली आहेत, आणि त्यामुळं लोक त्या एरियात घर घेताना दोनदा विचार करतात. मला काही लिंक लागेना. म्हटलं पोरांच्या जेवणाचा आणि घर घेण्याचा काय संबंध? तर म्हणे अक्का, तिकडं शाळेतली किती टक्के पोरं फुकट जेवतात त्यावरनं ती शाळा किती गरीब ते ठरवतात. मग मला विचारलं, तुमच्या शाळेत किती टक्के? मी म्हटलं शंभर. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, चकली हातातच राहिली.

तर शाळेत सगळ्या पोरांना दुपारचं जेवण फुकट देणाऱ्या योजनेचा हा शंभर टक्केवाला प्रकार नक्की काय आहे, पैसे कोण देतं, किती देतं, आणि गरिबी त्यातनं दिसते का लपते, हे नीट लिहून काढावं असं तेव्हापासून डोक्यात होतं. मी काही शिक्षिका नाही. कोल्हापूरच्या कडेला एका प्राथमिक शाळेत माझी दोन पोरं आहेत आणि मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) या समितीत ७५ टक्के पालक लागतात आणि निम्म्या बायका लागतात, मीटिंगला मी एकदा पुढं बसले आणि त्यात अडकले, एवढंच. पण त्यामुळं तांदळाच्या पोत्यापासनं चव रजिस्टरपर्यंत सगळं बघायला मिळालं.

सुरुवात तांदळापासनंच करू, कारण माझी पण तिथनंच आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारनं ही स्कीम चालू केली तेव्हा शाळेत शिजवलेलं काही मिळायचं नाही. ८० टक्के हजेरी असली की महिन्याला ३ किलो तांदूळ मिळायचा, कोरडा. आम्ही घरनं कापडी पिशवी घेऊन जायचो, गुरुजी मापानं घालायचे, आणि आम्ही ती पिशवी डोक्यावर घेऊन मिरवत यायचो जणू काय पगारच झालाय. आई तो तांदूळ डब्यात ओतायची. आता बघा, घरात आम्ही सात माणसं, ३ किलो तांदूळ, माझ्या नावावर आलेला, पण माझ्या पोटात त्यातला किती गेला? दोन-तीन दिवसाचा भात झाला सगळ्यांचा, संपला. आईची काही चूक नव्हती, एकाच्या नावाचा तांदूळ वेगळा शिजवतंय कोण?

इथंच सगळ्या योजनेची पहिली गोष्ट कळते. तांदूळ दिला की तो घराला मिळतो, शिजवलेला भात दिला की तो पोराला मिळतो. हा फरक कागदावर बारीक वाटतो पण त्याच्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. २००१ ला राजस्थानात दुष्काळात लोक उपाशी आणि सरकारी अन्न महामंडळाची (एफसीआय) गोदामं धान्यानं भरलेली, तेव्हा पीयूसीएल या संघटनेनं केस टाकली, आणि २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टानं ऑर्डर काढली की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक पोराला शिजवलेलं जेवण द्यायचं, किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रोटीन, वर्षातले किमान २०० दिवस. तमिळनाडूत हे त्याच्या कितीतरी आधीपासनं चालू होतं, कामराज मुख्यमंत्री असताना १९५० च्या दशकात शाळेत जेवण चालू झालं आणि १९८२ ला एमजीआरनी ते फार मोठं केलं. आपल्याकडं कोर्टाच्या ऑर्डरनंतर खिचडी आली, आणि मग 'खिचडीची शाळा' हा शब्द पण आला, जो आमच्या इथं इंग्लिश मीडियमवाले अजून नाक मुरडून वापरतात.

पुढं २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात हे जेवण कायद्यानं पोरांचा हक्क झालं, म्हणजे सरकारची मेहरबानी राहिली नाही. २०२१ ला नाव बदलून पीएम पोषण केलं आणि पहिलीच्या आधीची, बालवाटिकेतली बारकी पोरं पण त्यात घेतली. आमच्याकडं अजून सगळे 'पोषण आहार'च म्हणतात, आणि पोरं तर नुसतं 'खिचडी', मग ताटात मटकीची उसळ असली तरी खिचडीच.

आता ताटात काय किती. पहिली ते पाचवीच्या पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. यातनं ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रोटीन मिळावं असा हिशोब आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ आणि बाकीचं पण दीडपट, ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रोटीन. सात-आठ वर्षाच्या पोराला दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात असं धरतात, म्हणजे शाळेतलं जेवण पाव दिवसापेक्षा थोडं जास्त. उरलेलं पाऊण घरातनं यायला पाहिजे, आणि खरी गोची तिथं आहे, पण त्याच्यावर नंतर येते.

पैशाचं सांगते, कारण पब्लिकला वाटतं की सरकार करोडो देतंय आणि शाळेत मधल्यामधी कुणीतरी खातंय. तांदूळ केंद्राकडनं फुकट येतो. बाकी डाळ, भाजी, तेल, मसाला, गॅस याच्यासाठी मे २०२५ पासनं पाचवीपर्यंतच्या पोरामागं दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे असा रेट आहे. त्यातले ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्य. ६ रुपये ७८ पैसे. कोल्हापुरात मिरजकर तिकटीला एवढ्यात अर्धा वडा पण कुणी देणार नाही.

समजा शाळेत ४० पोरं आहेत. दिवसाचे झाले २७१ रुपये. डाळ लागणार ८०० ग्रॅम, १४० रुपये किलो धरली तर ११२. भाजी २ किलो, ५० नं धरली तर १००. तेल पावशेराला थोडं कमी, ३० रुपये. झाले २४२. उरले २९ रुपये, त्यात मीठ, हळद, चटणी (आपल्याकडची लाल चटणी, नाहीतर बाहेरचा माणूस नारळाची समजेल), कोथिंबीर आणि गॅस. आता गॅसच्या टाकीचा भाव तुम्हाला माहितीय, तुम्हीच करा गणित. भाजी ८० वर गेली की हिशोब तिथंच तुटतो, आणि पावसाळ्यात रोड बंद झाले की कोल्हापुरात भाजी ८० वर जायला वेळ लागत नाही. शिवाय गावाकडच्या शाळांमधी हे सगळे पैसे शाळेच्या हातात येतच नाहीत, डाळ, तेल, मसाला ठेकेदाराकडनं येतो आणि शाळेला फक्त इंधन-भाजीपाल्याचे मिळतात, ते पण कधी कधी महिनोनमहिने मागं. मग हेडसर किराणा दुकानात उधारी करतात. एका वर्षी आम्ही मटकीचं पोतं उघडलं तर निम्मी मटकी आणि निम्मे सोंडे, परत पाठवायला पंधरा दिवस गेले, तोवर पोरांनी वाटाणा खाल्ला. कुणी मधी खातंय का, तर कुठं कुठं खात असतील, मी शपथ घेत नाही, पण ६ रुपये ७८ पैशात खायला तरी किती मिळणार असं मला कधी कधी वाटतं.

शिजवणाऱ्या मावशीचं तर विचारूच नका. २५ पोरांपर्यंत एक, त्याच्या वर शंभरपर्यंत दोन, आणि मग दर शंभराला एक अशा बायका ठेवता येतात. त्यांना पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात, कारण पगार म्हटलं की कायदे लागतात. केंद्राचा हिशोब २००९ पासनं महिन्याला १००० रुपये, ते पण वर्षातले १० महिने. आपल्या राज्यानं वरनं भर घालून २५०० केलेत. म्हणजे शाळेच्या दिवसाला शंभर रुपये. शेतात भांगलायला गेलं तर याच्या दुपटीपेक्षा जास्त मिळतंय आणि वर दुपारी झाडाखाली बसायला मिळतंय. तरी आमच्या मावशी येतात. सकाळी साडेनऊला तांदूळ निवडायला बसतात, साडेबाराला वाढतात, तीनला भांडी पालथी घालून जातात. मी एकदा विचारलं, मावशी परवडतंय काय? म्हणाल्या, नातवंडं हितंच शिकत्यात, त्यांच्यावर नजर ऱ्हाती.

वाढायच्या आधी गुरुजींनी किंवा कुणीतरी चव घ्यायची आणि रजिस्टरला लिहायचं हा नियम आहे. लोकांना तो फालतूपणा वाटतो. पण १६ जुलै २०१३ ला बिहारमधी सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत जेवणातनं मोनोक्रोटोफॉस पोटात गेलं आणि २३ पोरं मेली. मोनोक्रोटोफॉस म्हणजे शेतात फवारायचं औषध, आपल्याकडं पण घरोघरी कोपऱ्यात असल्या औषधांचे डबे असतात. त्यामुळं चव रजिस्टर भरताना कुणी कुरकुर केली की आमचे हेडसर काही न बोलता दोन चमचे भात त्याच्या हातावर ठेवतात.

आता परत मावसभावाकडं. त्याच्याकडनं ऐकलं, मग थोडं वाचलं, तेव्हा कळलं की अमेरिकेत हे १९४६ च्या कायद्यापासनं चालू आहे, पण तिथं जेवण सगळ्यांना फुकट नाही. घरचं उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांच्या आत असेल तर फुकट, १३० ते १८५ च्या मधी असेल तर सवलतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४० सेंट, आणि त्याच्या वर असेल तर पूर्ण पैसे. मग हे ठरवायला फॉर्म. आईबापानं फॉर्म भरायचा, घरात माणसं किती, कमाई किती, सगळं लिहून द्यायचं. काहीजण फॉर्म भरत नाहीत कारण इंग्लिश येत नाही, काहीजण लाजंनं भरत नाहीत, काहींची कमाई लिमिटच्या वर चार पैसे जाते. त्या पोरांच्या नावावर शाळेत उधारी चढते. जेवणाची उधारी, प्राथमिक शाळेतल्या पोराच्या नावावर! काही शाळांमधी तर उधारीवाल्या पोराचा गरम जेवणाचा ट्रे काढून घेऊन थंड सँडविच हातात द्यायचे, सगळ्यांच्या समोर. लोक इतके चिडले की २०१७ ला न्यू मेक्सिको राज्यानं पोरांना असं लाजवण्यावर कायद्यानंच बंदी आणली.

आणि गंमत पुढं आहे. त्यांना पण कळलं की फॉर्मचा खेळ महागात पडतोय. मग २०१० च्या एका कायद्यानं त्यांनी अशी सोय काढली की ज्या शाळेत ठराविक टक्के पोरं आधीच दुसऱ्या सरकारी मदतीच्या यादीत आहेत त्या शाळेनं फॉर्म बंद करून सगळ्यांनाच फुकट द्यावं. ही लिमिट आधी ४० टक्के होती, २०२३ ला २५ वर आणली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी तर २०२२ पासनं सगळ्याच शाळांमधी सगळ्यांना फुकट केलं. म्हणजे हळूहळू ते आमच्या खिचडीच्या रांगेवर यायला लागलेत. फक्त त्यामुळं झालं असं की ज्या टक्क्यावरनं ते शाळेची गरिबी मोजत होते तो टक्काच बिघडला, कारण आता त्या शाळांमधी सगळेच फुकट जेवतात. मावसभावाला हे व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाला, म्हणजे मी घर घेताना बघितलेला आकडा चुकीचा असणार काय? म्हटलं मला काय विचारतोस, एजंटला विचार.

यावर इकडचे शहाणे लोक काय म्हणतात मला माहितीय, कारण माझे दीर तेच म्हणतात. सगळ्यांना कशाला? ज्याला गरज आहे त्यालाच द्या, तेवढ्याच पैशात चांगलं द्या, अंडी द्या, फळं द्या. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण गरज कुणाला हे ठरवणार कसं? आपल्याकडं फॉर्मच्या जागी रेशन कार्ड आहे. पिवळं कार्ड वर्षाला १५ हजारापर्यंत उत्पन्नवाल्याला, केशरी एक लाखापर्यंत, त्याच्या वर पांढरं. आणि रेशनच्या स्वस्त धान्याची लिमिट शहरात वर्षाला ५९ हजार, गावात ४४ हजार. म्हणजे कोल्हापूर शहरात महिन्याला पाच हजाराच्या आत. शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला हेल्पर म्हणून उभा राहिलेला माणूस पण हिशोबानं याच्या बाहेर जातोय, आणि खोलीभाडं, लाईट बिल, म्हाताऱ्याचं औषध गेल्यावर त्याच्या घरात रात्री काय शिजतंय ते कार्डावर लिहिलेलं नसतं.

दुसरं म्हणजे कार्ड हळू चालतं आणि गरिबी पटकन येते. इचलकरंजीत यंत्रमाग बंद पडले की त्याच आठवड्यात घरात पैसे यायचे थांबतात. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा पांढऱ्या कार्डवाल्यांची पण घरं दहा-दहा दिवस पाण्यात होती, दुकानातला माल गेला, गोठ्यातली जनावरं गेली, २०२१ ला परत तेच. कार्डाचा रंग तोच राहिला. आमच्या शाळेतल्या एका पोराचा बाप गाडी चालवायचा, चांगलं चाललेलं, एका ॲक्सिडेंटनं पाय गेला. त्या पोराला दुसऱ्या दिवसापासनं जेवायला कुठला फॉर्म भरावा लागला नाही. तो आधीपासनंच रांगेत होता. मला या स्कीममधली सगळ्यात भारी गोष्ट कुठली वाटते म्हणाल तर हीच, की पोरगं आधीच रांगेत असतं.

तिसरी गोष्ट गणवेशातनं शिकले. आपल्या राज्यात सरकारी शाळेत मोफत गणवेश पूर्वी सगळ्या पोरींना, आणि पोरांमधी फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना मिळायचा. म्हणजे एकाच बाकावर दोघं मित्र, एकाला नवीन कोरा गणवेश आणि दुसऱ्याला नाही, आणि वर्गाला बरोबर कळायचं की हा कुठल्या यादीतला आणि तो कुठल्या. नवा मिळाला त्याची पण मान खाली आणि नाही मिळाला तो पण रडतोय. २०२३-२४ पासनं सगळ्यांना दिला, मग कुठं ते थांबलं. तसंच पोरींच्या उपस्थिती भत्त्याचं. १९९२ पासनं मागास आणि गरीब घरातल्या पहिली ते चौथीच्या पोरींना शाळेत आलं की दिवसाला १ रुपया. कित्येक वर्षं तो रुपयाच राहिला, आणि त्या रुपयासाठी पण यादी, दाखले, सह्या. (याच्यावर आमचे एक जुने गुरुजी जोक मारायचे, की शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा पोरगं शाळेत नाही पाठवलं तर बापाला महिन्याला १ रुपया दंड होता, आता पाठवलं तर रुपया मिळतोय, शंभर वर्षात रुपयानं नुसती दिशा बदलली.)

महाराजांचं नाव निघालंच आहे तर सांगते, नुसती शाळा काढून भागत नाही, पोराच्या जेवणाची सोय लागते हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. या गावात बोर्डिंगं का निघाली? १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि त्याच्या मागनं एकेका समाजाची, कारण खेड्यातनं आलेल्या पोराला शिकायची कितीही इच्छा असली तरी रात्री जेवणार कुठं आणि झोपणार कुठं हा प्रश्न पहिला होता. फक्त बोर्डिंगं जातवार होती, तेव्हाची परिस्थितीच तशी, आणि महाराज स्वतः दलित समाजातल्या गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायचे तो त्याच परिस्थितीला दिलेला धक्का होता. शाळेतली रांग एकच असते, आणि मावशी कुठल्या समाजाच्या, पोरगं कुठल्या, हे व्हरांड्यात बसल्यावर कुणी विचारत नाही. विचारणारे घरी असतात. आमच्याकडं एका पालकानं सुरुवातीला पोराला डबा द्यायला चालू केलं होतं, कारण काय ते न बोलता सगळ्यांना माहीत होतं. पोरगं महिनाभर डबा तसाच परत न्यायचं आणि रांगेत बसायचं. शेवटी डबा बंद झाला.

तर सगळ्यांना देण्याचा तोटा काय? एक तर दिरांचं म्हणणं, की ज्याला गरज नाही तो पण खातो. पण जरा बघा आजूबाजूला, झेडपीच्या आणि महापालिकेच्या शाळेत असं गरज नसलेलं पोरगं उरलंय किती? ज्याला जमलं तो कधीच पिवळ्या बसमधी बसून गेला. वेगळं काढायला जेवढी कागदं लागतील तेवढ्यात त्या दोन-चार पोरांना वर्षभर जेवण होईल.

खरा तोटा दुसरीकडं आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही. हे जेवण सरकारी आणि अनुदानित शाळेत मिळतं. विनाअनुदानित शाळेत नाही. आता उपनगरात गल्लोगल्ली छोट्या इंग्लिश मीडियम शाळा आहेत, आणि तिथं काही श्रीमंतांची पोरं जात नाहीत, धुणीभांडी करणाऱ्या बायकांची, रिक्षावाल्यांची, गांधीनगरला कापड दुकानात सेल्समन असलेल्यांची पोरं जातात. आई पोटाला चिमटा काढून फी भरते, आणि फी भरली की पोराचं दुपारचं जेवण जातं. डब्यात चपाती आणि साखर, नाहीतर बिस्किटाचा पुडा. म्हणजे एकाच वर्गात गरीब-श्रीमंत अशी रेघ आपण ओढली नाही हे बरं केलं, पण शाळा-शाळांच्या मधी ओढली, आणि तिच्या पलीकडं जाणाऱ्याचं पोट मोजायचंच बंद केलं.

तसंच ऊसतोडीच्या पोरांचं. दिवाळी झाली की बीडकडनं, मराठवाड्यातनं टोळ्या येतात, कारखान्याच्या आसपास पालं पडतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, उचल आधीच घेतलेली, त्यामुळं पहाटे तीनला फडात जावंच लागतंय, आणि पोरगं एकतर पालावर बारक्याला सांभाळतंय नाहीतर फडात वाढं गोळा करतंय. त्याचं नाव गावाकडच्या शाळेच्या पटावर असतं. तांदूळ पटावर आणि हजेरीवर येतो, रोज किती पोरं जेवली ते ॲपवर टाकायचं असतं. त्या पोरांसाठी शिक्षण हमी कार्ड म्हणून काढलेलं आहे, की तिकडच्या शाळेनं द्यायचं आणि इकडच्या शाळेनं ते बघून बसवून घ्यायचं, पण टोळी मुकादमाच्या गाडीत रात्री बसते तेव्हा कार्ड कोण शोधत बसणार. आमच्या गुरुजींनी एक साधा उपाय केला, पालावर जाऊन सांगितलं की नाव-गाव नंतर लिहू, आधी साडेबाराला ताटल्या घेऊन या. सात पोरं आली. नावं चार दिवसांनी घातली. तुम्ही ऊस, दूध, गूळ आणि हुपरीची चांदी बघून या जिल्ह्याला श्रीमंत म्हणता ते खरंच आहे, पण ऊस काय आपोआप कारखान्यात चालत जात नाही.

जेवणानं फरक पडतो का, याचा अभ्यास झालेला आहे. २०२१ ला नेचर कम्युनिकेशन्स या जर्नलमधी एक पेपर आला, त्यात देशभरच्या आकडेवारीवरनं असं दिसलं की ज्या पोरींना लहानपणी शाळेत हे जेवण मिळालं, त्या पुढं आई झाल्यावर त्यांच्या पोरांची उंची जास्त चांगली वाढली. म्हणजे खिचडीचा परिणाम बघायला एक पिढी थांबावं लागतं. आपल्या राज्यात २०१९-२१ च्या सर्व्हेत पाच वर्षाखालची ३५ टक्के पोरं वयाच्या मानानं बुटकी निघाली होती, शंभरात पस्तीस, त्यामुळं थांबायला वेळ तसा नाहीच.

आमच्या शाळेत गरिबी किती याचा आकडा काढायचा झाला तर रजिस्टरातनं निघणार नाही, कारण तिथं सगळे नुसते 'लाभार्थी'. पण मावशींना माहीत असतं. त्यांनी मला पहिल्याच महिन्यात सांगितलं, सोमवारी बघ. सोमवारी काही ठराविक पोरं दुसऱ्यांदा वाढायला ताटली पुढं करतात, तिसऱ्यांदा पण करतात, आणि बोलत नाहीत खाताना. शनिवारी दुपारनंतर सोमवारी दुपारपर्यंत त्यांच्या घरात काय झालं असेल त्याचा हिशोब त्या ताटलीत असतो. मे महिन्याच्या सुट्टीनंतर जूनमधी पहिल्या आठवड्यात तर भात पुरतच नाही. मावशी तळाची खरवड पण काढून ठेवतात, आणि ती कुणाला द्यायची हे त्यांनाच माहीत, कुणाला सांगत नाहीत.

शेवटचं अंड्याचं सांगते, कारण त्यात आमचीच परीक्षा झाली. २०२३ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारनं आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, अंडं न खाणाऱ्याला केळी, अंड्याला ५ रुपये. पोरं त्या दिवशी गैरहजर राहायचीच नाहीत, ताप असला तरी यायची. मग जानेवारी २०२५ ला जीआर आला की अंड्याला आणि नाचणी सत्वाच्या साखरेला वेगळे पैसे मिळणार नाहीत, द्यायचंच असेल तर लोकसहभागातनं द्या. लोकसहभाग म्हणजे आम्हीच. समितीची मीटिंग झाली, एका पोल्ट्रीवाल्यानं दर आठवड्याला एक ट्रे कबूल केला, एका माजी विद्यार्थ्यानं वाढदिवसाला दोन ट्रे. पण हिशोबानं पटाच्या निम्म्यालाच पुरत होती. तेव्हा एकजण उठून म्हणाले, आणि माणूस वाईट नाही, स्वतःच्या खिशातनं देणारा आहे, की मग पिवळ्या कार्डवाल्यांनाच देऊया, त्यांना जास्त गरज आहे.

दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मला मावसभाऊ आठवला, आणि ते थंड सँडविच. मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशी दारातनंच म्हणाल्या, कार्ड बघून मी वाढणार न्हाई, तुम्ही दुसरी बाई बघा. मग काय, ठरलं. अंडी उकडायची, बारीक चिरायची आणि पुलावात टाकायची, न खाणाऱ्यांचा भात आधी बाजूला काढून. आता दर बुधवारी होतंय ते. कुणाच्या ताटात किती तुकडे येतात ते बघायला मी एकदा मुद्दाम उभी राहिले होते, पण मावशींचा वाढायचा डाव इतका पटापट चालतो की मला काही मोजता आलं नाही.